दार असलेली एकच खोली

पत्र असं आलंय, जरा आवरून देते:

"ताई, मी भांडुपला राहते. दोन वर्षांपूर्वी आमची चाळ पाडून एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) बिल्डिंग झाली, आता चौदाव्या मजल्यावर 300 फुटांचं घर आहे. आम्ही दोघं, सासूबाई (वय 74, माहेर लालबागचं, वडील गिरणीत होते), मोठा मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत. मी फोर्टला नोकरी करते, सकाळी 8 ला निघते, घरात पाय ठेवायला साडेसात. मिस्टरांची शिफ्ट ड्युटी. लॉकडाऊनमधे मुलाला शाळेसाठी फोन घेतला, तो परत काढून घेताच आला नाही, कारण होमवर्क ग्रुपवर येतो, क्लासचे व्हिडिओ पण फोनवरच. बाकी वेळ रील्स आणि गेम. कानात हेडफोन, हाक मारली तरी ऐकत नाही. मागच्या आठवड्यात संयुक्त महाराष्ट्र चळवळीवर दोन पानं लिहायची होती, त्याने चॅटजीपीटीवरून जशीच्या तशी उतरवली. बाईंनी वर्गात त्यातल्या 'व्यामिश्र' (म्हणजे अनेक गोष्टी मिसळलेलं, गुंतागुंतीचं) शब्दाचा अर्थ विचारला, सांगता आला नाही. मला ऑफिसात फोन आला. घरी आले ती रागातच, सगळ्यांसमोर फोन हिसकावला, त्याचे मित्रांबरोबरचे मेसेज मोठ्याने वाचले, त्यात एका मुलीचं नाव होतं. आज चार दिवस झाले तो माझ्याशी बोलत नाही, जेवण पण आजीकडे मागतो. फोन कपाटात ठेवलाय. सासूबाई पण दिवसभर यूट्यूब बघतात, परवा कुठलातरी व्हिडिओ बघून त्यांनी बीपीची गोळी बंद केली होती. मिस्टर म्हणतात फोन फोडून टाक, आणि स्वतः ड्युटीवरून आले की एक वाजेपर्यंत फोनमधे. फोन कायमचा बंद करू का? तुमच्या मुलीसारखी."

बाळा, मुलीसारखी म्हणालीस म्हणून अगंतुगं करतेय. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं की हे फोनचंच प्रकरण आहे, तिसऱ्यांदा वाचताना 300 फूट या आकड्यावर अडकले. 300 फुटांत पाच माणसं. तुझा मुलगा तेरा वर्षांचा, आवाज फुटायला लागला असेल, मिसरूड दिसायला लागली असेल, आणि त्या घरात त्याला एकट्याला बसायला जागा कुठाय? बाथरूम सोडलं तर दार लावून घेता येईल अशी एक जागा सांग. नाहीये. मग त्याने काय केलं, तर हेडफोन घातले. तू म्हणतेस हाक मारली तरी ऐकत नाही, मला वाटतं ती त्याने लावून घेतलेली भिंत आहे. फोन हीच त्याची दार असलेली एकुलती एक खोली आहे, आणि त्या संध्याकाळी तू सगळ्यांसमोर ते दार तोडून आतलं सामान बाहेर मांडलंस. चार दिवस बोलत नाहीये तो त्यासाठी. फोन गेल्याचं दुःख असेल, पण त्या मुलीचं नाव आजीसमोर आणि धाकटीसमोर वाचलं गेलं ते जास्त लागलंय गं त्याला.

हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाहीये, माझ्या हातून हेच झालंय म्हणून लिहितेय. मी परळला शाळेत शिकवायचे. 2020 च्या मार्चमधे शाळा बंद झाल्या आणि जूनपासून आम्ही फोनवर शिकवायला लागलो, आम्हालाही काही येत नव्हतं. सातवीतला एक मुलगा कधी कॅमेरा चालू करायचा नाही. मला वाटायचं झोपलेला असतो, नाहीतर खेळत असतो. एक दिवस चिडून सगळ्या वर्गासमोर म्हटलं, कॅमेरा लाव नाहीतर गैरहजेरी मांडते. त्याने लावला. मागे त्याचे वडील नाइट ड्युटी करून जमिनीवर झोपलेले, बाजूला दोरीवर कपडे, आणि आई मोरीच्या पडद्यामागून ओल्या केसांनी घाईघाईत सरकत होती. तीस पोरांनी ते बघितलं. त्याने कॅमेरा बंद केला आणि नंतर आठवडाभर आला नाही. मी त्याच्या आईला फोन करून माफी मागितली, मग त्यालाही मागितली, तो फक्त "ठीके बाई" म्हणाला. तेव्हापासून मुंबईतल्या मुलाच्या हातात फोन दिसला की मी आधी घर किती फुटांचं आहे ते विचारते.

चाळीत खोली 160 फुटांची असली तरी गॅलरी होती, जिना होता, गच्ची होती. पोरगं घरात मावायचं नाही तेव्हा ते बाहेर जायचं आणि बाहेर म्हणजे दारातच, चार काकूंच्या नजरेत. वरळीला सुदाम काळू अहिरे मार्गावर आजही मुलं पुस्तकं घेऊन फुटपाथवर बसतात, त्या रस्त्याचं नावच अभ्यास गल्ली पडलंय, बीडीडी चाळीतली आणि आजूबाजूची किती पोरं त्या दिव्यांखाली शिकून साहेब झाली. घर लहान होतं म्हणून गल्ली वापरली. तुमच्या टॉवरमधे लिफ्ट आली, संडास घरात आला, हे फार चांगलं झालं, मी काही चाळीचे गोडवे गात नाहीये, कॉमन संडासाच्या रांगेत मीही उभी राहिलेय. पण चौदाव्या मजल्यावरच्या पॅसेजमधे सगळी दारं बंद असतात आणि खाली उतरायचं तर पार्किंग. गॅलरी गेली ती कुठे गेली, तर फोनमधे गेली.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, कायमचा बंद करू नकोस. बंद केलास तर तो मित्राच्या फोनवर बघेल, मग तुला काहीच दिसणार नाही. पण होता तसाच परत देऊन टाकू नकोस, आणि परत देण्याआधी एक काम आहे.

आज रात्री त्याला घेऊन खाली उतर. दोघंच. दूध आणायचं निमित्त कर, वडापाव खा, काहीही. घरात बोलू नकोस कारण घरात सगळे ऐकतात. आणि एवढंच म्हण की मी तुझे मेसेज सगळ्यांसमोर वाचले ते चुकलं, पुन्हा करणार नाही. "पण तू पण..." असं पुढे जोडू नकोस, होमवर्कचा विषय त्या दिवशी काढूच नकोस, मुलीबद्दल एक अक्षर विचारू नकोस. तो गप्प राहील, राहू दे. आठवीतल्या मुलाला आईने माफी मागितली की काय बोलायचं ते कळत नाही, पण लक्षात राहतं.

आता फोनचं. तुमच्या घरात तो एक फोन चार कामं करतोय, शाळेची डायरी तोच, क्लासचा मास्तर तोच, खेळायचं मैदान तोच आणि मित्रांचा कट्टा पण तोच. मुलगा गणिताचा व्हिडिओ लावायला फोन उघडतो आणि वरून मेसेज टपकतो, मग रील, मग अर्धा तास गेला. यात त्याची इच्छाशक्ती कमी पडते असं म्हणून चालणार नाही, माझी पण पडते. ही कामं सुटी सुटी करायची. शाळेचा ग्रुप तुझ्या फोनवर घे, ट्रेनमधे बघ आणि घरी आलीस की होमवर्क त्याला वहीत उतरवून घ्यायला सांग. क्लासची पीडीएफ स्टेशनजवळ झेरॉक्स मारून आण, कागदावर मेसेज टपकत नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, आणि पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं, बऱ्याच गोष्टी डाउनलोड करून नंतर नेट बंद ठेवून बघता येतात. नेट बंद ठेवून व्हिडिओ बघायचा ही एवढीशी सवय लागली तर अर्धी लढाई तिथेच संपते. आणि पुढच्या पालक सभेत उभी राहून सांग की होमवर्क फळ्यावर लिहून द्या, रात्री आठला ग्रुपवर टाकू नका. एकटीने सांगायला अवघड वाटलं तर आणखी चार आयांना आधी गाठ, त्यांच्याही घरी हेच चालू असणार.

माझ्या शाळेत टीव्ही होता, त्यावर आम्ही बालचित्रवाणीचे कार्यक्रम लावायचो. पुण्याला 1984 मधे ती संस्था सुरू झाली, 2017 मधे बंद झाली, तुझ्या पिढीला तर आठवत असेल. म्हणजे पडद्यावरून शिकणं नवीन नाही. पण तो कार्यक्रम संपायचा. संपला की मी टीव्ही बंद करायचे आणि विचारायचे, काय बघितलं रे, आणि मग जो गोंधळ व्हायचा, एकाला एक दिसलेलं, दुसऱ्याला भलतंच, त्या भांडणातच खरं शिकणं व्हायचं. यूट्यूब संपत नाही. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा लागतो आणि "काय बघितलं रे" विचारणारं कोणी नसतं. त्यातला ऑटोप्ले बंद करता येतो, सेटिंगमधे बटण आहे, ते आजच बंद कर, सासूबाईंच्या फोनवरचं पण. विचारणारं माणूस मात्र सेटिंगमधून मिळत नाही, ते घरातूनच उभं करावं लागतं.

आता चॅटजीपीटीचं, कारण यावर मला तुझ्या मुलापेक्षा जास्त काळजी वाटते. त्याने चोरी केली म्हणून ओरडू नकोस. त्याला नुसतं समजावून सांग की ते यंत्र करतं काय. आधीच्या शब्दांपुढे कुठला शब्द शोभेल याचा अंदाज बांधत बांधत ते वाक्य तयार करतं, म्हणून भाषा गुळगुळीत येते, आणि चुकीचं साल सांगतानाही आवाज तितकाच ठाम असतो. माणूस चुकताना अडखळतो, हे अडखळत नाही. ज्याला विषय माहितीये त्याला ती चूक पकडता येते, आठवीतल्या पोराला नाही येत.

आणि शिक्षिका म्हणून सांगते, वहीतली चूक ही आम्हाला पोराचा पत्ता सांगते. उणे 3 वजा 5 बरोबर 8 असं कोणी लिहिलं की मला लगेच कळायचं की याने "उणे उणे अधिक" हे गुणाकाराचं पाठांतर इथे लावलंय, उत्तर उणे 8 यायला हवं होतं. मग मी त्याच जागेवर जाऊन त्याला शिकवायचे, लिफ्टची गोष्ट सांगायचे, तळघरात तीन मजले खाली आहेस, अजून पाच खाली गेलास तर कुठे पोचशील. तयार उत्तर आणलं तर वही स्वच्छ दिसते आणि पोरगं नेमकं कुठे अडलंय ते कुणालाच दिसत नाही, बाईंना नाही, तुला नाही, त्यालाही नाही. म्हणून घरात एक नियम कर की विचारायचं असेल तर विचार, पण आधी स्वतःचं पान लिहून झाल्यावर. चुकीचं असू दे, वाकडं असू दे, आधी स्वतःचं. मग त्याला यंत्राला विचारू दे की यात काय राहिलं, आणि ते जे सांगेल ते पुस्तकात शोधून बघू दे. व्यामिश्र असला शब्द आला तर तो आजीला समजावून सांगता आला तरच वहीत राहील.

आणि आजीवरून आठवलं. अगं, त्या विषयाची अर्धी माहिती तुझ्या घरात खाटेवर बसलीये! 74 वय म्हणजे 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला तेव्हा सासूबाई नऊ-एक वर्षांच्या असतील, आणि त्या लालबागच्या, वडील गिरणीत. त्या चळवळीत गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. त्यांना मोर्चे आठवत असतील, वडील उशिरा घरी आलेली एखादी रात्र आठवत असेल, नाहीतर 1 मे ला आळीत काय झालं ते आठवत असेल. काहीच आठवत नसेल तर तेही कळेल. मुलाला सांग, फोनवर रेकॉर्डिंग चालू कर आणि आजीला दहा प्रश्न विचार, प्रश्न तूच काढ. तू फोर्टला जातेस म्हणजे हुतात्मा चौक तुझ्या रोजच्या पायाखालचा. येत्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन ये. फ्लोरा फाउंटनजवळ 21 नोव्हेंबर 1955 ला मोर्चावर गोळ्या चालल्या, माणसं मेली, तिथेच आता मशाल धरलेल्या शेतकऱ्याचा आणि कामगाराचा पुतळा आहे, हुतात्म्यांची नावं कोरलेली आहेत. ती नावं त्याला वाचू दे. मग दोन पानं पुन्हा लिहू दे आणि बाईंना नेऊन दाखवू दे, मार्क मिळोत न मिळोत. वर्गात मान खाली गेली होती ना त्याची, ती वर यायला हवी.

हे रेकॉर्डिंगचं मी आणखी एका कारणासाठी सांगतेय. सासूबाईंनी व्हिडिओ बघून गोळी बंद केली, ही तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे आणि तू ती एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मुलाचं रील्स बघणं दिसतं, म्हातारीचं यूट्यूब दिसत नाही कारण ती आवाज करत नाही. त्याही दिवसभर एकट्या आहेत, चाळीत शेजारीण होती, आता नाही. त्यांना तू किंवा तुझा नवरा समजवायला गेलात तर त्यांना तो अपमान वाटेल. नातवाने समजावलं तर ऐकतील. त्याला हे काम दे: आजीला आलेला कुठलाही औषधाचा, बक्षिसाचा, पोलिसाचा मेसेज आधी तो बघणार, आणि औषधाचं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही. पोलीस बोलतोय, अटक करतो म्हणून कोणी व्हिडिओ कॉल केला तर तो कट करायचा, डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाहीये. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, जितका लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. हा नंबर कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटव. मुलांना कोणी ऑनलाइन त्रास दिला तर 1098, हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, तो पण लिहून ठेव. ज्या मुलाला तू फोनचा गुन्हेगार ठरवलंस त्याच्याकडे आजीची राखण दे आणि महिनाभर बघ.

नवऱ्याचं काय करायचं हे तुला जास्त कळतं. पण रात्री एकपर्यंत बाप त्याच खोलीत फोन बघतोय आणि शेजारच्या गादीवरच्या पोराला झोप म्हणतोय, हे चालणार नाही, तो उजेड त्याच्याही डोळ्यावर येतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. 2022 च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, फोन बंद, पोरं अभ्यासाला बसतात. मला त्यातलं आवडलं ते हे की पोरांबरोबर मोठ्यांचं पण बंद. भांडुपच्या टॉवरमधे भोंगा कोण वाजवणार, पण एका घराला भोंगा लागत नाही. तू साडेसातला येतेस, जेवण साडेनऊला होत असेल. जेवायला बसल्यापासून घरातले सगळे फोन ओट्यावर चार्जिंगला लावायचे आणि सकाळपर्यंत उचलायचे नाहीत. अलार्मसाठी साधं घड्याळ आण. नवऱ्याला ड्युटीचा कॉल येऊ शकतो, तर त्याची रिंग चालू ठेवा, फोन तिथेच. पहिले चार दिवस सगळे चिडचिड करतील, तूही करशील.

त्याच्या इन्स्टावर जन्मसाल काय टाकलंय ते त्याच्याच हाताने उघडून बघ. खूप पोरं 13 च्या आधी अकाउंट काढायला साल खोटं टाकतात आणि मग कंपनीच्या लेखी ती 20-22 वर्षांची होतात. खरं वय असेल तर किशोरांचं अकाउंट लागतं, ते आपोआप प्रायव्हेट असतं आणि रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद राहतात. पासवर्ड मागू नकोस, मेसेज वाचू नकोस, पण एक सांगून ठेव की कधी कोणी फोटो मागितला, धमकी दिली, पैसे मागितले तर माझ्याकडे यायचं, त्या वेळी मी फोन काढून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य नक्की म्हण, कारण पोरं सांगत नाहीत ती फोन जाईल या भीतीने.

आणि त्याला फोनबाहेर एक जागा शोधून दे. तुमच्या भागात एखाद्या मंडळाची नाहीतर वाचनालयाची अभ्यासिका असेल, चौकशी कर, महिन्याची फी फार नसते. नसेल तर सोसायटीच्या कमिटीला विचार, बिल्डिंगमधे सोसायटी ऑफिस असतंच, संध्याकाळी दोन तास ते पोरांना बसायला उघडं ठेवा म्हणावं, आळीपाळीने एकेक आई-बाप खाली बसेल. तेही जमलं नाही तर घरातच खिडकीजवळचा एक कोपरा, एक पडदा, एक दिवा, आणि तो पडदा ओढलेला असला की विचारल्याशिवाय कोणी आत डोकवायचं नाही, धाकटीने पण नाही. 200 रुपयांचा पडदा आहे गं. दादरला स्टेशनबाहेर मिळेल, रंग त्यालाच निवडू दे.

धाकटीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. ती तिसरीत आहे आणि तिने ती संध्याकाळ बघितलीये, दादाचा फोन गेला, दादा रडला असेल तेही बघितलं असेल. तिच्याशी पण बोल, आणि रविवारी हुतात्मा चौकात तिचा हात दादाच्या हातात दे.

बाकी सगळं सावकाश कर, महिना लागू दे. पण आज घरी पोचलीस की चप्पल काढायच्या आधी सासूबाईंना विचार, बीपीची गोळी सुरू झाली का. पाकीट हातात घेऊन मोज, आणि मधले किती दिवस चुकले ते उद्या फोन करून डॉक्टरांना सांग.